गाडीखाली डाग दिसला की आधी काय बघायचं (गॅरेजात नवीन लागलेल्यांसाठी)

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून जी पोरं गॅरेजात येतात त्यांना इंजिन उघडायची घाई असते, ते साहजिक आहे, पण माझ्याकडे नवीन मुलगा आला की मी त्याला आधी लीकेज शोधायला बसवतो. जुन्या गाडीत रबर कडक पडतं, त्यात मुंबईची खारी हवा क्लिपा गंजवते, सिग्नलला उभं राहून राहून बोनेटखाली भट्टी होते आणि पार्किंगमधले उंदीर पाईप कुरतडतात ते वेगळंच. हे काम कायम येतं, आणि गिऱ्हाईकाचे पैसे वाचतात किंवा वाया जातात ते याच कामात.

गाडीखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा टाकून ठेवायला सांगा. सकाळी बघा काय पडलंय. एसी लावून आलेल्या गाडीखालचं साधं पाणी असेल तर सोडून द्या, आपल्या दमट हवेत ते पडणारच. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला चिकट आणि वासाला गोडसर असेल तर कूलंट. ते विषारी असतं, आणि गोड लागतं म्हणून सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात, त्यामुळे आधी पुसून घ्या मग धुवा. लाल पातळ तेल म्हणजे बहुतेक स्टेअरिंगचं, गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचंही असू शकतं. पिवळट काहीतरी चाकाच्या आतल्या बाजूला ओघळलंय आणि ब्रेकच्या डब्यातली लेव्हल उतरलीय, तर ती गाडी चालवत आणायचीच नाही. जुनं झालं की लाल तेलही काळपट होतं म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक डब्याची लेव्हल बघा. आणि वॅगन आर, अल्टोसारख्या बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंग इलेक्ट्रिक असतं, तिथे स्टेअरिंगचं तेल शोधत बसू नका, तेल नसतंच.

आता मुख्य गोष्ट. तेल जिथून गळतं तिथून खाली पडत नाही, ते ओघळत येतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे उडतं. माहीमच्या एका काकांना दुसरीकडे सांगितलं होतं की स्टेअरिंगचा रॅक (पुढची चाकं वळवणारा खालचा आडवा भाग) गेला, बदलावा लागेल, खर्च ऐकून काका गाडी विकायच्या विचारात होते. रॅकचं रबर खरंच तेलाने भरलेलं होतं. पण आम्ही डिझेल आणि ब्रशने सगळं धुतलं, हवा मारून कोरडं केलं, वरून टाल्कम पावडर मारली, मग इंजिन चालू करून एकाने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं (टोकाला चार-पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही, पंपावर ताण येतो) आणि दुसऱ्याने टॉर्च धरला. पावडरवर ओली रेघ उमटली ती बरीच वर, डब्याकडे परत येणाऱ्या पाईपच्या तोंडाशी, क्लिपच्या खाली. तिथून थेंब रॅकवर पडत होता. त्यामुळे सगळ्यात वरची ओली जागा शोधायची, खालची नाही. हे करताना बाही आणि हात बेल्टपासून लांब, आणि गरम इंजिनचा रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही फिरू शकतो हे डोक्यात ठेवा.

हा रिटर्नचा पाईप कमी प्रेशरचा असतो म्हणून स्वस्तात होतो. लांबी पुरत असेल तर चिरलेलं तोंड इंचभर कापा, लोखंडी नळीचा गंज पॉलिश पेपरने काढा, नवीन क्लिप लावा. रबर बोटाने दाबून कडक लागलं किंवा चिरा दिसल्या तर अख्खा बदला, पण दुकानात नुसता "पाईप द्या" म्हणू नका. तेलाचा पाईप मागा, कूलंटचा नाही. कूलंटचं रबर वेगळं असतं, त्यात स्टेअरिंगचं तेल गेलं की फुगून मऊ पडतं आणि थोड्या दिवसांत गाडी परत दारात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गाडीचं सामान मिळतं, नुसता चांगला होज आणि क्लिपा हव्या असतील तर मी नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात जातो.

पंपाकडून रॅकला जाणारा जाड पाईप मात्र हजार पीएसआयच्या वरचं प्रेशर खातो. त्यावर क्लिप, टेप, एमसील काहीच टिकत नाही, आणि गरम तेल उडून भाजतं. तो काढून हायड्रॉलिक होजच्या दुकानात न्या, जुनी टोकं चांगली असतील तर तीच नवीन होजवर प्रेस करून देतात, नवीन ओरिजनलपेक्षा बऱ्याच कमी पैशात. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या पाईपला असलं काहीही करायचं नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागला तरी, सरळ नवीन.

कूलंटचे वरचे-खालचे होज वळणाचे असतात, त्या मॉडेलचेच घ्या, सरळ पाईप वाकवला की घडी पडून पाणी अडतं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो तो प्रेशरचा, उघडलंत की उकळतं पाणी तोंडावर येतं.

स्टेअरिंगचं काम झालं की डब्यावर लिहिलेलंच तेल भरा (जुन्या होंडा सिटीत होंडाचंच पीएसएफ म्हणजे पॉवर स्टेअरिंगचं तेल, एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल नाही), पुढची चाकं उचलून इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवत राहा, लेव्हल उतरेल तशी भरा, मग चालू करा. डब्यात फेस दिसतोय तोवर हवा आहे. आणि दोन-तीन दिवसांनी गाडी परत बोलवा, नवीन रबर दबतं, क्लिप अर्धा फेरा कसावी लागते, त्याचे पैसे मी घेत नाही.