काजळी पुसू नका, आधी उचला

गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात कढईतलं तेल पेटलं. आग पाच मिनिटांत विझली, पण काजळी पार बेडरूमच्या पडद्यांपर्यंत पोचली होती. मी घाईघाईने ओलं फडकं घेऊन भिंत पुसली आणि तिथे हातभर काळा फराटा उमटला. तो शेवटपर्यंत गेला नाही. काजळी तेलकट असते, पाणी लागलं की रंगात मुरते. म्हणून तुम्ही ही चूक करू नका.

आधी फोटो काढा, विमा असेल तर कंपनीला कळवा. वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. पंखा तर अजिबात नको, काजळी घरभर उडते. एन-९५ मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या.

मग व्हॅक्यूमचं तोंड भिंतीला न टेकवता, जरा अंतरावर धरून फिरवा. नंतर कोरडा रबरी स्पंज वरून खाली, एकाच दिशेने; घासायचं नाही. स्पंजची बाजू काळी झाली की बदला. ऑइलपेंट असेल तरच कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवा, आणि धुताना मात्र खालून वर, म्हणजे ओघळांचे डाग राहत नाहीत. डिस्टेंपर धुवू नका, निघून येतो. रंगाआधी डाग दाबणारा प्रायमर हवाच, नाहीतर पिवळेपणा आणि वास परत येतो.

उघडं पीठ, मसाले, औषधं सरळ टाकून द्या. माझा वर्षाचा गोडा मसाला गेला. जीव तुटला, पण टाकला.