दुर्बिणीतून पिशवीचं (गर्भाशयाचं) ऑपरेशन: या चुका टाळा

"दुर्बिणीचंच तर झालंय, टाकेसुद्धा दिसत नाहीत," म्हणत आठवडाभरात भरलेली बादली उचलायची, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पोटावर अर्ध्या-एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रं असतात हे खरं. पण पिशवी काढली असेल, तर आत योनीच्या वरच्या टोकाला टाक्यांची ओळ असते. डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती कुणाच्या लक्षात राहत नाही. ती नीट भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर जड उचलणं नाही, शरीरसंबंध नाही. बसून करायचं काम दोन-तीन आठवड्यांत जमतं. सिलिंडर सरकवणं आणि नातवंडाला कडेवर घेणं नाही. (हे घरातल्या बाकीच्यांनाही वाचून दाखवा.)

दुसरी चूक ऑपरेशनच्या आधीची. सोनोग्राफीत गाठ दिसली की "पिशवीच काढून टाका" म्हणायचं. फायब्रॉइडच्या, म्हणजे पिशवीच्या स्नायूंत वाढणाऱ्या, बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, आणि त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. गाठ पिशवीच्या आतल्या पोकळीत असेल तर हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे योनीमार्गे आत दुर्बीण घालून, पोटावर एकही छेद न घेता काढता येते. नुसतं पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर गोळ्या किंवा मिरेनासारखं पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन आधी वापरून बघता येतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं 2019मध्ये गाजलं, ते आठवा. काढायचीच ठरली तर "अंडाशय ठेवणार का?" हे विचारा. पाळी जायच्या आधीच दोन्ही काढली, तर ऑपरेशनबरोबरच रजोनिवृत्ती येते.

दुर्बिणीचाच हट्ट धरणं हीही चूकच. पिशवी खाली आली असेल तर ती योनीमार्गे काढता येते, तिथे पोटावर छिद्रंही लागत नाहीत. मोठी गाठ छोट्या छिद्रातून बाहेर काढायची तर तिचे तुकडे करावे लागतात. त्यात लपलेला कॅन्सर असेल तर तो पोटात पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2014मध्ये दिला होता. म्हणून गाठ कशी काढणार, तुकडे पोटात घातलेल्या बंद थैलीत करणार का, हे विचारा. पाळी गेल्यावर रक्त दिसलं असेल तर आतल्या अस्तराची तपासणी आधी.

आता घरी आल्यावरचं. खांदा दुखला की बायका हृदयविकाराच्या भीतीने घाबरतात. बहुतेकदा ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो दुखतो आणि चालत-फिरत राहिलं की दोन-तीन दिवसांत थांबतो. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर मात्र लगेच दवाखाना.

पोटाचं गणित वेगळं. दर दिवस आधीच्यापेक्षा बरा जायला हवा. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं वाढलं, पोट फुगलं, ताप किंवा उलट्या सुरू झाल्या, तर "गॅस असेल" म्हणत ओवा चावत बसू नका; आतड्याला झालेली इजा कधी कधी अशी उशिरा कळते. योनीतून सतत पाण्यासारखं गळत असेल तर ते लघवीही असू शकतं. पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.