टास्क, इंटरप्ट आणि कंपायलर: या चुका टाळा

"टेबलावर चालतं, साइटवर अडकतं" म्हणून कोणी मायक्रोकंट्रोलरचा (एका चिपमधल्या छोट्या संगणकाचा) बोर्ड घेऊन आलं की मी कोडमध्ये आधी एकच गोष्ट शोधतो. इंटरप्ट, म्हणजे काही घडलं की चालू काम थांबवून मध्येच चालणारा कोड, ज्या व्हेरिएबलमध्ये लिहितो, ते व्होलाटाइल ('दर वेळी मेमरीतून नव्याने वाच' असं सांगणारा शब्द) आहे का? बहुतेक वेळा नसतं.

देवगडकडच्या एका खाडीवर कोळंबीची तळी आहेत. वीज गेली की पाण्यात हवा मिसळणारे एरेटर बंद पडतात; परत आली की बॅटरीवरच्या कंट्रोलरने ते स्वतःहून चालू करायचे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. तळ्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी, आणि नेमका तेव्हाच मालकाचा फोन: "लाइट इली, पण एरेटर चालू होनत नाय."

कोड साधा होता. वीज आली की इंटरप्ट फ्लॅग (खुणेचं व्हेरिएबल) १ करणार, मेन लूप रिकाम्या व्हाइलमध्ये, म्हणजे नुसत्या फेऱ्या मारत, त्याची वाट बघणार. आता कंपायलरच्या, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामच्या, नजरेने बघा. लूपच्या आत फ्लॅगला कोणी हातच लावत नाही, मग दर फेरीला मेमरीत कशाला जायचं? ओ-टू ऑप्टिमायझेशनवर (कोड वेगवान करायची कंपायलरची एक पातळी) त्याने तो एकदाच वाचला आणि लूप कायमचा झाला. मध्येच कोणी येऊन काही लिहून जाईल, हे त्याला सांगितलंच नव्हतं.

खरा वैताग पुढे. कोड लिहिणाऱ्या पोराने लूपमध्ये प्रिंटएफ (मजकूर छापणारं फंक्शन) टाकला आणि बोर्ड चालला! बाहेरचं फंक्शन ग्लोबल व्हेरिएबल बदलू शकतं, म्हणून कंपायलर ते पुन्हा वाचतो. दोष झाकला गेला, एवढंच. मग "फायनल" करताना प्रिंटएफ काढला, एरेटर पुन्हा ठप्प. त्यावर त्या पोराचा उपाय काय, तर ऑप्टिमायझेशनच बंद. हा शॉर्टकट मला सहन होत नाही. कोड फुगतो, इंटरप्टला जास्त वेळ लागतो आणि चूक आहे तिथेच राहते. व्होलाटाइल हा एक शब्द लिहिला असता तर भागलं असतं. मी पहिल्या दिवसापासून ओ-टूवरच कंपाइल करतो. साइटवर जाणार तेच टेबलावर.

व्होलाटाइल लावलं की सगळं झालं, असंही नाही. ८-बिट एव्हीआर चिप ३२-बिटचा आकडा एकेक बाइट करून वाचते. मध्येच इंटरप्ट आला तर अर्धा जुना, अर्धा नवा. इंटरप्ट क्षणभर बंद करून कॉपी घ्या आणि मग निवांत हिशेब करा.

इंटरप्टमध्ये प्रिंटएफ नकोच. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक अक्षर सुमारे १ मिलिसेकंद खातं. ४० अक्षरांची ओळ जाईपर्यंत बाकीचे टास्क (प्रोग्राममधली वेगवेगळी कामं) ताटकळत.

स्टॅकच्या, म्हणजे टास्कच्या तात्पुरत्या मेमरीच्या, बाबतीत नक्कल नडते. अनेक टास्क आळीपाळीने चालवणाऱ्या मूळ फ्रीआरटीओएसमध्ये टास्कचा स्टॅक वर्डमध्ये (३२-बिट चिपवर ४ बाइट) मोजतात, ईएसपी-३२ चिपच्या आवृत्तीत बाइटमध्ये. एसटीएम-३२ चिपवर १२८ लिहिलं की ५१२ बाइट मिळतात. तीच ओळ ईएसपीवर चिकटवली की १२८ बाइटच, आणि बोर्ड सारखा रीस्टार्ट. त्यात फ्लोट (दशांश आकडा) वापरायची हौस. कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरवर इंटरप्ट आला की हार्डवेअर ३२ बाइट स्टॅकवर ठेवतं; त्या टास्कने फ्लोट वापरला असेल तर १०४. टास्क बदलताना आणखी १६ फ्लोटिंग रजिस्टर, म्हणजे ६४ बाइट वर. तापमानाला एक दशांश स्थळ हवं म्हणून एवढा खटाटोप? मी २८.५ अंश २८५ असेच ठेवतो. आणि हाय वॉटर मार्क (स्टॅक कमीत कमी किती शिल्लक राहिला तो आकडा) रात्रभर बोर्ड चालवून सकाळी बघतो, पाच मिनिटांनी नाही.

दोन टास्कमध्ये एकच पोर्ट वाटायचा असेल तर बायनरी सेमाफोर नको, म्युटेक्स घ्या; दोन्ही एका वेळी एकालाच आत सोडणारी कुलपं. पण म्युटेक्समध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्स असतो: वरच्या प्रायॉरिटीचा टास्क खोळंबला की कुलूप धरून बसलेल्याला तेवढ्यापुरती त्याची प्रायॉरिटी मिळते. १९९७ साली मंगळावर उतरलेलं नासाचं पाथफाइंडर यान नेमकं याच्याअभावी पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं; पृथ्वीवरून तो पर्याय चालू केल्यावर थांबलं.

आणि प्रायॉरिटीचे आकडे: फ्रीआरटीओएसच्या टास्कमध्ये मोठा आकडा वरचढ, कॉर्टेक्स-एमच्या इंटरप्टमध्ये लहान. माझ्याकडे हे कोडच्या पहिल्याच कॉमेंटमध्ये असतं.