बुद्धपौर्णिमेची रात्र मचाणावर काढायची, तर तयारी कशी करावी?

वैशाखी पौर्णिमेला विदर्भातल्या जंगलात रात्रभर मचाणावर बसायची संधी वनविभाग देतो. मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, ताडोब्याचं बफर (गाभ्याच्या जंगलाभोवतीचा पट्टा) अशा ठिकाणी. पूर्वी या रात्री पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजले जायचे. पण एकच अस्वल दोनदा पाण्यावर आलं की हिशेब चुकायचा. वाघांची अधिकृत गणना आता दर ४ वर्षांनी कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून होते, आणि ही रात्र ‘निसर्गानुभव’ म्हणून उरली आहे.

हीच पौर्णिमा का, तर नाले आटलेले असतात, सागाचं पान गळून रान उघडं पडलेलं असतं, आणि उरल्यासुरल्या पाण्यावर जनावराला यावंच लागतं. चंद्रही दिवस मावळताना उगवतो तो पहाटेपर्यंत साथ देतो. आदल्या दिवसांत अवकाळी बरसला तर मात्र सगळं फिसकटतं. जागोजागी डबकी साचली की तुमच्या पाणवठ्यावर कोण कशाला येईल?

नोंदणी आधी. तिथी कधी मेच्या सुरुवातीला, कधी मेअखेरीस येते, त्यामुळे पौर्णिमेच्या महिनाभर आधीपासून व्याघ्रप्रकल्पाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. मचाणं मोजकी असतात, जागा लवकर संपतात. शुल्क, वयाची अट, फाटकावर पोचायची वेळ प्रत्येक ठिकाणची वेगळी असते. तिथली सूचना नीट वाचा. आधार कार्ड सोबत हवंच.

जंगल कोणतं निवडावं? वाघच पाहायचा असेल तर सरळ ताडोब्यात दिवसाची सफारी करा, पैसे तिथे वसूल होतील. रात्र अनुभवायची असेल तर माझं मत मेळघाटाला. डोंगर, दऱ्या, रानगवे, अस्वलं आणि मैलोगणती शांतता.

आता सामान. कपडे मातकट किंवा गडद हिरवे, पूर्ण बाह्यांचे. अत्तर, सुगंधी तेल, वासाचं मलम घरीच ठेवा. दिवसा पारा पंचेचाळिशीला टेकत असतो, म्हणून माणशी ४-५ लिटर पाणी आणि डोक्याला दुपट्टा. पहाटे मेळघाटात गारवा सुटतो, एक चादर असू द्या. जेवायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. कुरकुरीत खाऊची पाकिटं अजिबात नकोत. रात्री दीड वाजता ते पाकीट फोडल्याचा आवाज किती दूर जातो, ते तिथे बसल्यावरच कळतं. सुकामेवाही घरूनच कापडी पिशवीत भरून न्या. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा आणि तो फक्त मचाणावर बूड टेकायला, लिहायला वापरा. पाणवठ्यावर मारायचा नाही. दुर्बीण असेल तर ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) बरी, कमी उजेडात जास्त उपयोगी पडते. मोबाईल बंद.

एक गोष्ट लाजून कुणी विचारत नाही: लघवीचं काय? एकदा वर चढलं की सकाळपर्यंत खाली उतरता येत नाही. शिडी चढण्याआधी मोकळे होऊन घ्या, झाकणाची रुंद तोंडाची बाटली जवळ ठेवा, आणि चहा दुपारीच आटपा.

वर गेल्यावर आधी फळ्या झटका, मुंग्या असतात. पाठ टेकेल आणि पाणी दिसेल अशी बैठक उजेडातच पक्की करा, कारण नंतर हललात की फळी करकरते. बरोबरच्या माणसाशी खुणा ठरवून ठेवा. गाइड किंवा वनरक्षक सांगेल ते अंतिम.

अंधार पडला की डोळ्यांपेक्षा कान कामाला येतात. रातवा हा निशाचर पक्षी एकसुरी ‘चक-चक’ करत राहतो, त्याकडे दुर्लक्ष करा. वानराची खॅक, चितळाची तीक्ष्ण शीळ किंवा सांबराचं ‘पोंक’ ऐकू आलं आणि ते पुन्हा पुन्हा येत राहिलं, तर वाघ किंवा बिबट जवळ आहे असं समजा. अस्वल मात्र गुपचूप येत नाही. पालापाचोळा तुडवत, नाकाने सूं-सूं करत येतं. चांदण्यात रंग कळत नाहीत, आकार आणि चाल पाहून ओळखावं लागतं. खात्री नसेल तर नोंदीच्या कागदावर ‘अनोळखी’ लिहा. अंदाजाने वाघ लिहू नका.

मधल्या तीन-चार तासांत काहीच येत नाही असंही होतं. आळीपाळीने डुलकी काढा, पण घोरणाऱ्याला कोपराने ढोसायची परवानगी आधीच घेऊन ठेवा.

सकाळी गाडी न्यायला येईपर्यंत खाली उतरू नका. कचरा सगळा परत आणा. आणि मेळघाटातल्या सेमाडोहहून परतवाड्याला येणारा रस्ता घाटाचा आहे. रात्रभर जागलेल्या माणसाने स्टिअरिंग हातात घेऊ नये. चालक वेगळा ठेवा, नाहीतर दोन तास झोप काढूनच निघा.