नाशिकमध्ये चार्जिंग स्टेशन सुरू करायचंय? मशीन सगळ्यात शेवटी घ्या

हायवेलगत हॉटेल असलेले, गंगापूर रोडला फार्महाऊस भाड्याने देणारे, अंबडला शेड असलेले, पंचवटीत गाळा असलेले अशा सगळ्यांना सध्या एकच प्रश्न पडलाय: आपल्या जागेत ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) चार्जर बसवला तर चालेल का? चार्जर विकणारे भरपूर झाले आहेत, त्यांचे प्रतिनिधी दारात येतात आणि बोलणं थेट 'तीस घ्यायचा की साठ किलोवॅट' इथून सुरू होतं. हा क्रम उलटा आहे. आधी गिऱ्हाईक, मग वीज, मग जमिनीतलं अर्थिंग आणि सगळ्यात शेवटी मशीन, या क्रमाने गेलात तर कर्ज काढून घेतलेलं यंत्र धूळ खात पडायची वेळ येणार नाही.

कायद्याची भीती मात्र बाळगू नका. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं. त्यामुळे चार्जिंग स्टेशनला वीज कायद्याखालचा परवाना लागत नाही. ऑगस्ट २०१९ पासून चार्जरवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी रुपये सार्वजनिक चार्जिंगसाठी ठेवले आहेत. पण तो पैसा मुख्यतः सरकारी यंत्रणांच्या प्रस्तावांमधून येतो. आपल्या खात्यात अनुदान जमा होईल असं धरून हिशेब मांडू नका. झालं तर बरं, एवढंच.

पहिलं काम: हिरव्या पाट्या मोजा

इलेक्ट्रिक गाडीची नंबर प्लेट हिरवी असते. खासगी गाडीवर अक्षरं पांढरी, भाड्याच्या गाडीवर पिवळी. वही घ्या, जागेवर बसा आणि एक कामाचा वार, एक शनिवार, एक रविवार असे निदान तीन दिवस मोजा. पांढरी अक्षरं वेगळी, पिवळी वेगळी. दुचाकी, रिक्षा, मालवाहू टेम्पो आणि कार यांचे चार रकाने करा. गाडी कुठल्या दिशेने चालली आहे तेही लिहा.

दिशा का, ते नाशिकच्या रस्त्यांवर नीट कळतं. मुंबईहून निघालेली गाडी कसारा घाट चढून येते. चढणीला बॅटरी भराभर उतरते आणि इगतपुरी-घोटीला येईपर्यंत चालकाची नजर टक्क्यांवर खिळलेली असते. उलट नाशिकहून मुंबईला जाणारा माणूस रात्री घरी चार्ज करून निघालेला असतो आणि घाट उतरताना बॅटरीत थोडी वीज परतही जाते. म्हणून घोटी, गोंदे, विल्होळी या पट्ट्यात नाशिककडे येणाऱ्या बाजूची जागा आणि समोरची जागा यांत मोठा फरक आहे. दुभाजक ओलांडून, पुढे जाऊन यू-टर्न मारून कोणी चार्जिंगला येत नाही.

समृद्धी महामार्गाचाही विचार करा. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबईहून शिर्डीला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आता सरळ समृद्धीवरून जातात. घोटी-सिन्नर रस्त्यावर जागा असेल तर जुन्या वर्दळीच्या आठवणीवर विसंबू नका, आज मोजा. नाशिक-पुणे रस्त्यावर सिन्नरपेक्षा संगमनेरच्या आसपास थांबा जास्त सोयीचा पडतो, कारण साधारण २१० किलोमीटरच्या प्रवासात तो अधिक मध्यावर येतो.

सिंहस्थ २०२७ चं नाव घेऊन बरीच विक्री चालू आहे. गर्दी होणार, यात शंका नाही. पण पर्वणीच्या दिवसांत शहराबाहेर वाहनं अडवतात, रस्ते बदलतात. काही महिन्यांच्या गर्दीवर दहा वर्षं चालायच्या यंत्राचा हिशेब बसत नाही. रोजचं गिऱ्हाईक असेल तरच पुढे जा, सिंहस्थातलं उत्पन्न वरकड समजा.

गाडी किती वेळ थांबते, त्यावर यंत्र ठरतं

समजा ४५ युनिट क्षमतेच्या बॅटरीची कार आली आहे आणि ती २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची आहे. म्हणजे २७ युनिट भरायची. ७.४ किलोवॅटच्या एसी (सावकाश) चार्जरला यासाठी पावणेचार तासांच्या आसपास लागतील. ३० किलोवॅटचा डीसी (जलद) चार्जर एका तासात काम संपवेल.

आता आपली जागा बघा. गंगापूर रोडकडची, वायनरीच्या बाजूची हॉटेलं आणि होमस्टे इथे पाहुणा रात्रभर राहतो. तिथे डीसी चार्जर म्हणजे निव्वळ पैशाचा अपव्यय. दोन-तीन एसी पॉइंट पुरतात, आणि मुंबईचा पाहुणा 'चार्जिंग आहे का' हे खोली बुक करायच्या आधी विचारतो. त्र्यंबकला दर्शनरांगेत तीन-चार तास सहज जातात, तिथल्या पार्किंगलाही एसी चालतो. महामार्गावरच्या जेवणाच्या हॉटेलात माणूस पाऊण तास बसतो, तिथे ३० किंवा ६० किलोवॅट हवा.

आणि बाजार समितीचा परिसर? पंचवटीत पहाटे भाजी पोचवून झालेले तीनचाकी मालवाहू टेम्पो दुपारी सावली शोधत उभे असतात. त्यांना महागडा चार्जर लागतच नाही. वर पत्रा, १६ अँपिअरचे भक्कम औद्योगिक सॉकेट, प्रत्येकाला वेगळा मीटर आणि बसायला बाकडं. रोज येणारं, रोज पैसे देणारं हे गिऱ्हाईक आहे आणि आज त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. माझ्या मते नाशिक शहरातली सगळ्यात मोठी संधी इथे आहे, हायवेच्या मोठ्या यंत्रांत नाही.

एक गोष्ट विक्रेते आपणहून सांगत नाहीत. एसी चार्जर २२ किलोवॅटचा घेतला तरी गाडीच्या पोटातला ऑनबोर्ड चार्जर घेईल तेवढीच वीज जाते, आणि आपल्याकडच्या बहुतेक कारमध्ये ती मर्यादा ७ किलोवॅटच्या आसपास आहे. काहींत ३.३ किलोवॅटच. डीसीचंही तसंच, लहान बॅटरीची गाडी १२० किलोवॅटच्या यंत्राला लावली तरी आपल्याला झेपेल तेवढंच ओढते. शिवाय ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो. तेव्हा आपल्या वहीत कोणत्या गाड्या जास्त आहेत ते बघून आकडा ठरवा.

महावितरणकडे जाण्यापूर्वी

घराच्या किंवा हॉटेलच्या चालू मीटरवर सार्वजनिक चार्जर जोडू नका. ईव्ही चार्जिंगसाठी वीजदराची स्वतंत्र वर्गवारी आहे, तिथे वेगळी जोडणी मागा. स्वतःच्या घरी स्वतःची गाडी चार्ज करत असाल तर मात्र घरगुती जोडणी चालते, फक्त मंजूर भार वाढवून घ्या.

आधी जवळच्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) भार शिल्लक आहे का, हे शाखा कार्यालयात विचारा. या एका उत्तरावर निम्मा खर्च ठरतो. नवीन रोहित्र किंवा लांबची केबल आपल्या माथी आली तर चार्जरपेक्षा तेच महाग पडू शकतं. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ च्या दुरुस्तीनुसार नवीन जोडणीची मुदत महानगर क्षेत्रात ३ दिवस, इतर पालिका क्षेत्रांत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस आहे. पण नवीन वाहिनी किंवा रोहित्र लागत असेल तर ही मुदत लागू होत नाही, म्हणूनच तो प्रश्न आधी विचारायचा.

अर्जासोबत जागेचा पुरावा लागतो: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीची पावती, भाड्याची जागा असेल तर मालकाचं संमतीपत्र. परवानाधारक वीज ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. शेतजमीन असेल तर बिगरशेती वापराचं तलाठ्याकडे, तहसीलला आधी विचारून घ्या. महामार्गावरून थेट वाट काढायची असेल तर महामार्ग प्राधिकरणाची परवानगी वेगळी. एमआयडीसीतला भूखंड असेल तर त्यांची.

अर्थिंग: इथे हात आखडू नका

मशीन नवं, गाडी नवी, तरी चार्जिंग सुरू होत नाही. स्क्रीनवर लाल खूण येते आणि चालक वैतागून निघून जातो. अशा वेळी यंत्राला नावं ठेवली जातात, पण कितीतरी वेळा दोष जमिनीत असतो. चार्जर आणि गाडी दोघंही वीज घेण्याआधी अर्थिंग तपासतात. ते कच्चं असेल, न्यूट्रल आणि अर्थमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) जास्त दिसत असेल, तर सुरक्षेसाठी ती नकार देतात.

आपली जमीन बेसॉल्टची. वर हात-दोन हात काळी माती, खाली मुरूम आणि मग कातळ. पावसाळ्यात ओल असते तेव्हा अर्थिंग छान दिसतं. एप्रिल-मे मध्ये तीच जमीन कोरडी ठणठणीत होते आणि रोध वाढतो. म्हणून ठेकेदाराला अर्थ टेस्टर घेऊन समोर मोजायला लावा. दोन खुंट्या ठरावीक अंतरावर ठोकून, वायर जोडून तो आकडा दाखवतो, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. तो आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि मे महिन्यात पुन्हा मोजा. चार्जरचा अर्थपिट (अर्थिंगचा खड्डा) हॉटेलच्या जुन्या अर्थिंगला उपकार म्हणून जोडलेला नको, स्वतंत्र हवा. कातळ लवकर लागत असेल तर एकाच्या जागी दोन-तीन पिट घेऊन ते एकमेकांना जोडतात.

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतल्या काही गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात. सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर उंच हवं. उभी केलेली गाडी आणि चार्जर यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. प्रत्येक पॉइंटला ३० मिलिअँपिअरचं, गळती ओळखून वीज तोडणारं स्वतंत्र उपकरण हवं. एक्सटेंशन बोर्ड किंवा अडॅप्टर लावून चार्जिंग करायचं नाही, कोणी कितीही गळ घातली तरी.

केबलच्या जोडांकडे लक्ष द्या. ३२ अँपिअर चार-चार तास सलग वाहणं हे गिझरच्या वीस मिनिटांसारखं नाही. ढिला लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) तापतो, काळा पडतो, वितळतो. सुरू केल्यानंतर पहिल्या आठवड्यात आणि मग दर तीन महिन्यांनी वीज बंद करून सगळे जोड आवळून घ्यायचे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात नुसतं 'वॉटरप्रूफ' ऐकून समाधान मानू नका. धूळ-पाण्यापासून बचावाचा आयपी ५४ किंवा त्याहून वरचा दर्जा असलेलं यंत्र घ्या, वर छत द्या आणि चौथरा पाण्याच्या पातळीच्या वर बांधा.

आता मशीन

कारसाठी डीसीला सीसीएस-२ आणि एसीला टाइप-२ ही जोडणी चालते. यंत्र आयएस १७०१७ मानकाप्रमाणे तपासलेलं आहे का, प्रमाणपत्र कुठल्या प्रयोगशाळेचं आहे, हे कागदावर मागा. ओसीपीपी, म्हणजे चार्जर आणि ॲप यांना जोडणारी खुली प्रणाली, चालते का, हे नक्की विचारा. ती असेल तर उद्या ॲप चालवणारी कंपनी बदलली तरी यंत्र तेच राहतं. नसेल तर तुम्ही त्या एका कंपनीला बांधले गेलात.

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: बिघडलं तर कोण येणार आणि कुठून? 'टीम आहे' हे उत्तर नाही. नाशिकात तंत्रज्ञ आहे का, पॉवर मॉड्यूल आणि गनचा (गाडीला लावायच्या केबलच्या टोकाचा) सुटा भाग कुठल्या शहरात ठेवलाय, किती तासांत माणूस पोचेल, उशीर झाला तर दंड काय, हे करारात लिहून घ्या. आधीच्या दोन गिऱ्हाइकांचे पत्ते मागा आणि न सांगता तिथे जाऊन बघा.

हिशेब मांडताना आशावाद बाजूला ठेवा. समजा सगळं जाऊन युनिटमागे ५ रुपये सुटतात आणि रोज चार गाड्या प्रत्येकी २० युनिट घेतात. ८० युनिट, ४०० रुपये रोज, महिन्याला १२,००० रुपये. यातून देखभाल, इंटरनेट आणि कर्जाचा हप्ता जायचा आहे. चारच्या ऐवजी दोनच गाड्या आल्या तर ६,०००. हा दुसरा आकडा सोसण्याची तयारी असेल तरच डीसी घ्या. डीसी यंत्रात पाच-सात टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणजे मीटरवर जितकी युनिटं पडतात तितकी गनमधून विकली जात नाहीत. गिऱ्हाइकाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही दर ठरवताना धरा. सौर विजेच्या वेळेत, म्हणजे दिवसा, वीज स्वस्त आणि संध्याकाळनंतर महाग असा दरांचा कल आहे. चालू दरपत्रक हातात घ्या आणि दुपारचा भाव वेगळा, कमी ठेवा.

सातपूर-अंबडच्या लघुउद्योजकांना एक वेगळं सांगायचं आहे. पूर्ण चार्जर बनवण्याच्या स्पर्धेत उतरायची घाई नको. प्रत्येक चार्जरसोबत वितरण पॅनल, बसबार, स्टँड, छत, केबल ट्रे आणि अर्थिंगचं साहित्य लागतं. स्विचगिअर आणि पॅनलच्या कामात या शहराचा हात बसलेला आहे. चार्जर बसवणाऱ्या कंपन्यांना मापात, वेळेवर आणि चाचणी अहवालासह माल देणारा पुरवठादार हवाच असतो.

सुरू झाल्यावर

ॲपवर आणि नकाशावर नोंद करा, जागेचा अचूक बिंदू स्वतः तपासा. चार्जिंगच्या जागेवर पेट्रोलची गाडी उभी राहू देऊ नका, त्यासाठी रखवालदाराला अधिकार द्या. रात्री दिवा हवा, स्वच्छतागृह उघडं हवं. चालक यंत्राशी झटत असेल तर मदतीला जाणारा एक माणूस शिकवून तयार ठेवा. त्याला बंद करून पुन्हा सुरू करणं, आपत्कालीन लाल बटण कुठे आहे ते आणि कंपनीचा मदत क्रमांक, एवढं तरी यायला हवं.

चार्जर बंद असेल तर ॲपवर तो लगेच 'बंद' दाखवा. पाच टक्के बॅटरीवर, घाट चढून, मुलाबाळांसह आलेल्या माणसाला दारात बंद यंत्र भेटणं ही साधी गैरसोय नाही. पहिले तीन महिने रोज तीन नोंदी ठेवा: किती गाड्या आल्या, किती परत गेल्या, आणि परत का गेल्या. दुसरा पॉइंट लावायचा की नाही, ते तिसऱ्या रकान्यावरून ठरवा.