लिलावातून कलावस्तू आणि दुर्मीळ चिजा घेताना या चुका टाळा

लिलावात नुकसान होतं ते बोलीच्या भरात, असं बहुतेकांना वाटतं. बोली चढत गेली, भान राहिलं नाही, पैसे जास्त गेले. तसं होतंही. पण मोठं नुकसान बहुधा त्याच्या कितीतरी आधी, कॅटलॉग वाचताना झालेलं असतं. कॅटलॉगमधला प्रत्येक शब्द तोलूनमापून लिहिलेला असतो, आणि जे लिहिलेलं नाही तेही विचार करूनच गाळलेलं असू शकतं. खरेदीदार मात्र फोटो बघतो, मोठं नाव वाचतो आणि थेट बोलीची तयारी करतो.

नाव दिसलं म्हणजे काम त्याचंच, असं धरून चालणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. शीर्षकात चित्रकाराचं नाव कोणत्याही विशेषणाशिवाय दिलं असेल, तर लिलावगृहाच्या मते ते काम त्याचंच आहे. नावाआधी 'ॲट्रिब्यूटेड टू' असेल, तर बहुधा त्याचं, पण छातीठोकपणे सांगता येत नाही. 'स्टुडिओ ऑफ' म्हणजे त्याच्या कार्यशाळेत, कदाचित त्याच्या देखरेखीखाली झालेलं. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्याच काळातल्या, त्याचा प्रभाव असलेल्या दुसऱ्या कुणाचं. 'मॅनर ऑफ' म्हणजे धाटणी त्याची, काम नंतरच्या काळातलं. 'आफ्टर' म्हणजे त्याच्या चित्रावरून केलेली नक्कल, मग ती कोणत्याही काळातली असो. सहीचंही तेच. 'साइन्ड' असेल तर सही त्याचीच असल्याचं मत आहे. 'बेअर्स सिग्नेचर' असेल तर ती दुसऱ्याच कुणाची असावी. या संज्ञांचे अर्थ कॅटलॉगच्या शेवटी किंवा अटींमध्ये छापलेले असतात. लिलावगृहागणिक त्यांत थोडा फरक पडतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी ते पान नव्याने वाचावं.

एका ओळीवर केवढी किंमत ठरते, ते 'साल्वातोर मुंडी' या चित्रावरून कळतं. १९५८ मध्ये लंडनच्या लिलावात ते अवघ्या ४५ पौंडांना गेलं. २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये नक्कल म्हणून ते हजार-बाराशे डॉलरला विकलं गेलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीज या लिलावगृहाच्या लिलावात ते लिओनार्दो दा विंचीच्या नावाने आलं आणि त्यावर ४० कोटी डॉलरला हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी होती. मधल्या वर्षांत साफसफाई, दुरुस्ती आणि बरंच संशोधन झालं, तरी अभ्यासकांचं आजही एकमत नाही. ही गोष्ट ऐकून अनेकांना 'आफ्टर' लिहिलेल्या चित्रांत लपलेला लिओनार्दो दिसू लागतो. माझं स्पष्ट मत असं की नव्या संग्राहकाने कॅटलॉगने दिलेल्या दर्जाच्या वरची एक पैचीही बोली लावू नये.

जुना कागद दिसला की निश्चिंत होणं

वस्तू आजवर कुणाकुणाच्या हातून गेली, हा मालकीचा इतिहास म्हणजे प्रोव्हेनन्स. तो हवाच. पण नकली वस्तूइतकाच नकली इतिहासही बनवता येतो. जर्मनीतल्या वोल्फगांग बेल्ट्राकी या नकली चित्रं बनवणाऱ्याने चित्रांच्या पाठीवर जुन्या संग्रहाची बनावट लेबलं चिकटवली. एवढ्यावर तो थांबला नाही. बायकोला तिच्या आजीच्या वेषात बसवलं, मागे चित्रं टांगली आणि जुना वाटेल असा फोटो काढला. हाइनरिख काम्पेनडोंक या चित्रकाराच्या नावाचं, १९१४ सालचं म्हणून सांगितलेलं त्याचं एक चित्र २००६ मध्ये कोलोनच्या लिलावात २८ लाख युरोंहून जास्त किमतीला गेलं. त्याला पकडून दिलं ते एका रंगाने: चित्रात टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग सापडला, आणि १९१४ मध्ये चित्रकारांना तो उपलब्धच नव्हता. २०११ मध्ये बेल्ट्राकीला शिक्षा झाली.

ऐतिहासिक कागदपत्रांत धोका आणखी वेगळा असतो. १९८३ मध्ये 'श्टर्न' या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणवल्या जाणाऱ्या डायऱ्या जाहीर केल्या. त्याआधी हस्ताक्षर तपासून घेतलं होतं आणि ते जुळलंही होतं. पण जुळवायला दिलेल्या नमुन्यांतले काही त्याच बनावट लेखकाच्या हातचे होते. शेवटी कागदातल्या पांढरेपणा आणणाऱ्या रसायनाने खोटेपणा उघडा पाडला, कारण ते युद्धानंतरच वापरात आलं. म्हणून तज्ज्ञाचं पत्र दाखवलं गेलं की पहिला प्रश्न हाच: तुलना कशाशी केली, आणि ते नमुने कुठून आले?

इतिहासातली मोकळी जागा वाचायला शिका. युरोपातल्या चित्राच्या नोंदीत १९३३ ते १९४५ ही वर्षं कोरी असतील, तर ते नाझींनी लुटलेलं असण्याची शक्यता तपासावीच लागते. उत्खननातल्या वस्तूंसाठी बहुतेक जण १९७० हे साल रेषा मानतात, म्हणजे वस्तू त्याआधीच मूळ देशाबाहेर आली होती का ते पाहतात, कारण त्या वर्षी सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार झाला. 'एका युरोपीय संग्रहातून' एवढंच लिहिलं असेल तर लेखी विचारणा करा. निर्यात परवान्याची प्रतही तपासून घ्या: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये नेजेमांख या प्राचीन इजिप्शियन पुरोहिताची सोनेरी शवपेटी सुमारे ४० लाख डॉलरला घेतली. तिचा १९७१ चा निर्यात परवाना बनावट निघाला आणि २०१९ मध्ये ती इजिप्तला परत गेली.

वस्तू हातात न घेता बोली लावणं

लिलावात वस्तू 'आहे त्या स्थितीत' विकली जाते. कॅटलॉगमध्ये तडा लिहिलेला नाही म्हणजे तडा नाही, असं होत नाही. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या स्थितीचा लेखी अहवाल मागा, मागचे, खालचे आणि कडांचे फोटो मागा. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली जुनं वॉर्निश हिरवट चमकतं आणि नंतर लावलेला रंग काळपट दिसतो. जुन्या म्हणून आलेल्या कागदाने निळसर पांढरी चमक मारली, तर शंका घ्या.

बाकी प्रत्येक क्षेत्राची दुखरी जागा वेगळी. चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत घटते. कपाटाचा वरचा आणि खालचा भाग दोन निराळ्या कपाटांचा असू शकतो. मागच्या फळ्यांचं लाकूड पाहिलं की कळतं. रेम्ब्रांटच्या तांब्याच्या पत्र्यांवरून त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ छाप काढले गेले, त्यामुळे 'रेम्ब्रांटचं एचिंग' (अशा पत्र्यावरून छापलेलं चित्र) एवढ्याने भागत नाही. छाप केव्हाचा, ते विचारा. शिल्पकार रोदँ १९१७ मध्ये वारला, पण त्याची ब्राँझ शिल्पं त्यानंतरही अधिकृतपणे ओतली गेली. १९५६ च्या ईम्स लाउंज चेअरसारख्या डिझाइन वस्तूंत पाठीचे रबरी जोड कडक होऊन निखळतात. जुन्या खुर्चीत ब्राझिलियन रोझवूड असेल तर आणखी एक अडचण: हे लाकूड १९९२ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, परवान्याशिवाय ते सीमेपार जात नाही. हस्तिदंताबाबत नियम त्याहून कडक आहेत.

हातोड्याची किंमत म्हणजेच एकूण खर्च, असा हिशेब

'साल्वातोर मुंडी' घेणाऱ्याला ४० नव्हे, ४५.०३ कोटी डॉलर मोजावे लागले. वरची रक्कम बायर्स प्रीमियमची, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं त्या शुल्काची. मोठ्या लिलावगृहांत रक्कम वाढली की त्याचा टक्का उतरतो, त्यामुळे छोट्या खरेदीदाराला शेकड्याने तो जास्त बसतो. त्यावर कर, वाहतूक, विमा. कमाल आकडा सगळं धरून लिहून ठेवा आणि मागे मोजत बोली ठरवा. हेही ध्यानात असू द्या की राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायची नाही असं ठरलेलं असतं ती) गाठेपर्यंत लिलावकर्ता विक्रेत्याच्या वतीने बोली पुकारू शकतो. तेव्हा खोलीत तुमच्याशी स्पर्धा करणारं कुणी नसेलही.

चूक झालीच, तर

बोली चुकून लागली असेल तर हातोडा पडण्याआधी, त्याच क्षणी मोठ्याने सांगा. नंतर तो करार होतो. पैसे न भरल्यास व्याज लागतं आणि फेरविक्रीतला तोटाही तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.

वस्तू बनावट असल्याचा संशय आला तर तिला हात लावू नका, साफ करू नका, फ्रेम बदलू नका. हमी बहुधा वस्तू विकली तेव्हाच्या स्थितीत परत केली तरच लागू होते. मोठ्या लिलावगृहांची अस्सलपणाची हमी साधारण ५ वर्षांची असते आणि ती बहुतेक वेळा शीर्षकातल्या विधानापुरतीच असते. खालच्या लांबलचक वर्णनाला ती लागू नसते. मुदत कधी सुरू होते ते अटींत पाहा आणि स्वतंत्र तज्ज्ञाचं लेखी मत जोडूनच पत्र पाठवा. चोरीच्या मालाचा संशय असेल तर आर्ट लॉस रजिस्टर या, चोरीच्या कलावस्तूंची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे तपासणी करून घ्या. वस्तू घाईने पुढे विकू नका.

वाहतुकीत मोडतोड झाली असेल तर खोका उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, आतलं पॅकिंग फेकू नका आणि त्याच दिवशी विमा कंपनी व वाहतूकदार दोघांनाही लेखी कळवा. सुटलेले तुकडे स्वतः चिकटवू नका. प्रत्येक तुकडा वेगळ्या आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवा, म्हणजे त्यांच्या कडा एकमेकींवर घासणार नाहीत आणि दुरुस्ती करणाऱ्याला त्या पुन्हा नीट जुळवता येतील.