पावसाळ्यात बेट होणाऱ्या गावात लहान अनुदान कसे राबवावे

ब्रह्मपुरी तालुक्यातले लाडज हे वैनगंगेच्या पात्रातले गाव, चहूबाजूंनी पाणी. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढले की गडचिरोली जिल्ह्यातले भामरागड हे तालुक्याचे ठिकाण असूनही तुटते. 2020 च्या ऑगस्टअखेरच्या पुरात वैनगंगेकाठची कितीतरी गावे अशीच वेढली गेली. अशा गावात बचत गटाला किंवा ग्रामसंघाला, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाला, तीस हजार ते लाखभराचे अनुदान मिळाले, तर ते वाया जाण्याचे सर्वात मोठे कारण म्हणजे चुकलेली वेळ. पैसा मार्चअखेर खात्यात येतो, बैठका होईपर्यंत मे उजाडतो, खरेदी जूनमध्ये होते आणि जुलैत नाला भरतो. पुढचे टप्पे ही वेळ समोर ठेवून दिले आहेत.

पैसा कोणत्या प्रकारचा, ते आधी ठरवा

‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा फिरता निधी गटाच्या मालकीचा होतो. गट साधारण 10 ते 20 महिलांचा असावा लागतो, दुर्गम आदिवासी भागात 5 जणींचाही चालतो. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री गट पाळतो आहे हे दिसले की निधी मिळतो. पूर्वी तो 10 ते 15 हजार होता, आता 20 ते 30 हजारांपर्यंत गेला आहे. तो शासनाला परत द्यायचा नसतो, पण सदस्याने गटाला परत द्यायचाच असतो. समुदाय गुंतवणूक निधी ग्रामसंघाचा असतो. गट तो कर्ज म्हणून घेतो आणि व्याजासह ग्रामसंघाला फेडतो. जोखीम प्रवणता निधी आजारपण, उपासमार, आपत्ती यांसाठी असतो. त्यातून शेळ्या घेऊ नयेत. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटांना 2020 साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून प्रत्येक पात्र सदस्यामागे 40 हजारांपर्यंत बीज भांडवल मिळते. कंपनी किंवा संस्थेचे अनुदान ठरलेल्या बाबींवरच खर्च करून तसे लिहून देणारे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते.

प्रत्येक निधीला खतावणीत वेगळे पान द्या. सर्व पैसा एकाच पानावर गेला की वर्षाअखेर कोणाचे किती उरले हे कोणालाच सांगता येत नाही. फिरत्या निधीबाबत सगळीकडे दिसणारी चूक म्हणजे समान वाटप. 30 हजार आले, दहा जणी आहेत, प्रत्येकीला तीन हजार. तीन हजारांत धंदा उभा राहत नाही, ते घरखर्चात जातात आणि “सरकारी पैसा आहे, परत कशाला” असे म्हणून विषय संपतो. गटात सर्वांना एकाच वेळी पैसे मिळाले पाहिजेत असा कोणताही नियम नाही. पहिल्या फेरीत तिघी-चौघींना पुरेशी रक्कम द्या. त्यांची परतफेड सुरू झाली की पुढच्या जणींचा क्रम लागेल, आणि तो क्रम आधीच इतिवृत्तात लिहून ठेवा.

गावाचे उत्पन्न-खर्चाचे वर्ष मांडा

एक मोठा कागद घ्या आणि बारा महिन्यांचे रकाने आखा. बैठकीत वयस्कर बायांना आवर्जून बसवा, कारण नाला कधी भरतो आणि धान्य कधी संपते हे त्यांना पाठ असते. पूर्व विदर्भात चित्र साधारण असे निघते: मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपान, जुलै-ऑगस्टमध्ये धानाच्या रोवणीची मजुरी, ऑक्टोबरात हलके धान, नोव्हेंबर-डिसेंबरात भारी धान. वर्धा-यवतमाळकडे ऑक्टोबरात सोयाबीन आणि दिवाळीपासून कापूस. खर्चाच्या बाजूला जूनमध्ये बियाणे, खत आणि शाळा, तर जुलै ते सप्टेंबर ताप-हिवताप आणि रिकामी कणगी. या कागदावर लाल रंगाने रस्ता बंद असण्याचे दिवसही दाखवा. पुढचा प्रत्येक निर्णय या कागदाकडे बघून घ्यायचा.

परतफेडीचे हप्तेही यावरूनच ठरतात. एका बाईने जूनमध्ये पऱ्ह्यांसाठी (धानाच्या रोपांसाठी) आणि खतासाठी 6,000 रुपये दरमहा एक टक्क्याने घेतले, तर 500 रुपयांचे बारा समान हप्ते कागदावर नीटनेटके दिसतात, पण ऑगस्टमध्ये ते थकणारच. तिने जुलै ते ऑक्टोबर फक्त 60 रुपये व्याज भरावे. नोव्हेंबरात 60 रुपये व्याजासह 3,000 आणि डिसेंबरात उरलेल्या 3,000 वर 30 रुपये व्याज देऊन कर्ज मिटवावे. एकूण व्याज 330 रुपये होते. व्याज नेहमी उरलेल्या रकमेवर मोजा. मूळ रकमेवर वर्षभर व्याज लावणारा गट सावकाराच्याच वाटेने जातो.

रकमेचे भाग पाडा

एक लाख रुपये आले असे धरू. 55 हजार कर्जासाठी फिरते ठेवा, 25 हजारांत सर्वांच्या वापराच्या वस्तू घ्या आणि 20 हजार संकटासाठी राखा. रस्ता वर्षभर सुरू राहणाऱ्या गावात 10 हजार राखीव पुरतील. तुटणाऱ्या गावात हा भाग कमी करू नका, देणाऱ्या संस्थेने आग्रह धरला तरी. राखीव पैसा नसला की पहिल्या पुरात धंद्याचेच भांडवल पोटात जाते, आणि ते पुन्हा उभे राहत नाही.

सामाईक वस्तूंमध्ये जाड ताडपत्री, लाकडी फळ्या, पोती आणि काटा हे सर्वांत उपयोगी. खरेदी-विक्रीसाठी इलेक्ट्रॉनिक काटा घेतला तर त्याला वैधमापन विभागाचा शिक्का दर वर्षी घ्यावा लागतो. वस्तू कोणाच्या घरी राहील, मोडली तर कोण दुरुस्त करेल, हे खरेदीच्या ठरावातच लिहा. बहुतेक सामाईक वस्तू कोपऱ्यात गंजतात त्या दुरुस्तीचे पैसे कोणी ठरवले नाहीत म्हणून.

धंदा निवडताना रस्त्याचा हिशेब करा

मोहफुलाचे उदाहरण तपशिलात घेऊ, कारण थोड्या पैशात जास्त बाया त्यात येतात. ताज्या फुलात जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी असते. एप्रिलमध्ये गरज सर्वांनाच असते, म्हणून अर्धवट वाळलेले फूल मिळेल त्या भावाने जाते. गटाने फूल विकत घेऊ नये, तारण ठेवून उचल द्यावी.

समजा दहा बायांनी प्रत्येकी 100 किलो वाळलेले फूल आणले. एप्रिलचा भाव 30 रुपये असेल तर किलोमागे 20 रुपये उचल द्या, म्हणजे एकूण 20,000. पोती, हमाली, गाडी यांचे 3,000 आणि चार महिन्यांचे एक टक्क्याने व्याज 800 धरा. पुढे भाव 42 मिळाला तर 42,000 मधून 23,800 वजा जाऊन 18,200 उरतात. बाईला किलोमागे 38 रुपये 20 पैसे पडले. भाव मात्र 30 वरच राहिला तर तिला 26 रुपये 20 पैसेच मिळतील, म्हणजे एप्रिलात विकण्यापेक्षा 3 रुपये 80 पैसे कमी. विक्रीचा भाव 33 रुपये 80 पैशांच्या वर गेला तरच साठवण परवडते. हा आकडा उचल देण्याआधी प्रत्येक बाईला समजावून सांगा. तिची सर्व फुले घेऊ नका, घरखर्चापुरती तिने एप्रिलमध्येच विकावीत. साठवणुकीत वजनही थोडे उतरते. पोते ठेवताना आणि काढताना दोन्ही वेळा वजन नोंदवा, नाहीतर वाद ठरलेला.

फूल ताडपत्रीवर पातळ पसरून, संध्याकाळी गोळा करून, मुठीत धरल्यावर चिकटणार नाही इतके वाळवा. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचा. आणि मुख्य मुद्दा असा की भाव चढतो पावसाळ्यात, तेव्हा व्यापाऱ्याची गाडी गावात येऊ शकत नाही. त्यामुळे साठा मेअखेरीस नाल्याच्या पलीकडे, डांबरी रस्त्यावरच्या गावात, दुसऱ्या गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या खोलीत हलवा. भाड्याचे पैसे 3,000 मध्येच धरा. साठवण आणि वाहतुकीला कोणते कागद लागतात ते वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारा आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मालासोबत ठेवा.

शेळ्यांच्या बाबतीत उलट: खरेदी दिवाळीनंतर करा, जूनमध्ये कधीही नको. पावसात आणलेली अनोळखी शेळी ओला चारा, जंत आणि खुरांच्या त्रासाने मरते आणि पशुवैद्यक गावापर्यंत पोचत नाही. आसपासच्या बाजारातली, एक वेत झालेली स्थानिक शेळी घ्या. बेरारी ही विदर्भातली नोंदणीकृत जात आहे आणि इथल्या हवेला सरावलेली आहे. एका बाईला दोन किंवा तीन शेळ्या पुरेत. आणल्यावर पंधरा दिवस ते तीन आठवडे घरच्या शेळ्यांपासून वेगळ्या बांधा. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस एकदा दिली की सुमारे तीन वर्षे पुरते, आंत्रविषार या आतड्यांच्या रोगाची मात्र दर वर्षी पावसाआधी द्यावी लागते. मेच्या बैठकीत हा विषय हमखास घ्या. विमा काढला असेल तर कानातला बिल्ला पडू देऊ नका, बिल्ल्याशिवाय दावा मान्य होणे कठीण.

खाते, सह्या आणि रोकड

तिघींच्या नावे अधिकार आणि कोणत्याही दोघींच्या सह्यांवर व्यवहार, ही पद्धत ठेवा. सह्या करणाऱ्या तिघी वेगवेगळ्या घरांतल्या आणि शक्यतो वेगवेगळ्या वस्त्यांतल्या असाव्यात. सासू-सून किंवा दोन जावा सह्या करत असतील तर पुस्तक एका घरात बंद होते. खात्यावर दोन वर्षे गटाकडून काहीच व्यवहार झाला नाही तर बँक ते निष्क्रिय करते आणि नेमके अनुदान आले की सगळ्यांना ओळखपत्रे घेऊन शाखेत खेटे घालावे लागतात. वर्षातून चार वेळा तरी थोडी रक्कम भरा-काढा.

रोकड एरवी हजार रुपयांच्या वर घरात नको. पावसाळ्यासाठी मात्र वेगळा ठराव करा: 15 जून ते 15 ऑक्टोबर या काळात संकट राखीव रकमेपैकी 8,000 रुपये गावात, चार-चार हजार दोन घरांत, कुलूपबंद पेटीत. पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवा. गावाला वेढा पडला असताना पूर्ण बैठक शक्य नसेल तर दोन पदाधिकारी मिळून एका कुटुंबाला 2,000 पर्यंत देऊ शकतील आणि पुढच्या बैठकीत त्याला मंजुरी घेतील, एवढे त्याच ठरावात लिहा. बाळंतपण, सर्पदंश, ताप ही कारणे नावानिशी नमूद करा. नियम आधी लिहिलेला नसला की मदत ओळखीने मिळते.

खरेदी आणि कागद

दुकानातून घेताना तीन ठिकाणचे भाव लेखी घ्या आणि बिल गटाच्या नावाने करा, अध्यक्षांच्या नावाने नाही. आठवडी बाजारात शेळी किंवा बांबू घेतला तर बिल मिळत नाही. अशा वेळी साध्या कागदावर विकणाऱ्याचे नाव, गाव, वस्तूचे वर्णन, रक्कम, तारीख, सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार घ्या. रोख पावती 5,000 च्या वर गेली तर एक रुपयाचे महसुली तिकीट लावा. घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद साठा वहीत त्याच दिवशी करा.

हिशेब बैठकीतच लिहायचा आणि लिहिलेला मोठ्याने वाचायचा. घरी जाऊन लिहू म्हटले की महिनाभर राहते. रोख पुस्तिका, खतावणी, इतिवृत्त आणि प्रत्येकीचे पासबुक, एवढ्या चार वह्या चोख असल्या तर कोणताही तपासणीस येवो. जूनच्या पहिल्या आठवड्यात सर्व वह्यांच्या पानांचे फोटो काढून नाल्यापलीकडच्या प्रेरिकेकडे (‘उमेद’च्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीकडे) पाठवा, आणि मूळ वह्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा. भिजलेली वही पुन्हा लिहिता येत नाही, आणि मग कोणी किती फेडले यावरून गट फुटतो.

देणाऱ्याशी बोलणे

पहिला हप्ता फेब्रुवारीच्या आत मागा, म्हणजे वस्तू मेपर्यंत गावात येतील. अनुदान मार्चमध्येच आले तर 31 मार्चपूर्वी खर्च दाखवण्यासाठी नको त्या शिलाई यंत्रांची खरेदी करू नका. अखर्चित रक्कम पुढच्या वर्षी वापरण्याची लेखी परवानगी मागा आणि सोबत बारा महिन्यांच्या कागदाचा फोटो जोडा. गावाला रस्ता कधी नसतो हे त्या कागदावर दिसते, त्यामुळे कारण समजावण्यास सोपे जाते. अहवालाच्या तारखाही जुलै-ऑगस्ट सोडून मागा.

हप्ता थकला तर

आधी घरी जाऊन कारण विचारा. पीक वाहून गेले किंवा घरात आजारपण असेल तर हप्त्यांची फेरआखणी करून ती इतिवृत्तात लिहा, दंड लावू नका. नुकसानीचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत फाइलला लावा. पैसे असूनही न देणाऱ्या सदस्याला पुढचे कर्ज थांबवा आणि विषय ग्रामसंघात न्या. भांडी, शेळी उचलून आणणे हे गटाने कधीच करू नये. ग्रामसभेत जमा-खर्च वाचून दाखवा, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मिळालेली रक्कम, दिलेली कर्जे आणि शिल्लक लिहा. थकलेल्या बाईचे नाव मात्र फळ्यावर लिहू नका.